पीच आधी पिकू तर द्या

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही पीचवर पानभर लेख छापलात, वरती मोठा गुलाबी फोटो, त्यावर पाण्याचे थेंब वगैरे, आणि खाली हेडिंग 'सुपरफूड पीच'. लेख आधी आमच्या सुनेने वाचला, मग मला फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला (ती हॉलमध्ये, मी ओट्यापाशी, मध्ये फक्त एक भिंत), आणि सोमवारी संध्याकाळी ऑफिसमधून येताना चार पीच घेऊन आली. चाराचे एकशे साठ रुपये. आल्या आल्या नळाखाली धरले, दोन चिरले आणि सगळ्यांना एकेक फोड वाटली. मिस्टर नुसते चावत राहिले, काहीच बोलले नाहीत, आणि आमच्याकडे हे वाईट लक्षण समजतात. नातू म्हणाला, "आजी, ही काकडी आहे का?" सुनेचं तोंड एवढंसं झालं. उरलेले दोन मी तिच्या हातातून काढूनच घेतले, नाहीतर तेही सुरीखाली गेले असते. त्या दोघांचं पुढे काय झालं ते शेवटी सांगते, आधी लेखाबद्दल बोलायचंय.

माझी तक्रार अशी आहे की अख्ख्या पानात पीच खाल्ल्याने काय काय बरं होतं याची यादी आहे, कॅन्सर दूर राहतो, वजन आपोआप उतरतं, त्वचा चमकते, डोळे, केस, हाडं, काही म्हणून सोडलेलं नाही, पण तो पीच खायचा कसा, पिकलेला ओळखायचा कसा, याबद्दल एक ओळ नाही. फळावरचा लेख वाचून माणसाने कच्चं फळ आणून खाल्लं आणि नाव ठेवलं तर मग लेखाचा उपयोग काय हो?

आणि त्या यादीतलंही सगळं खरं असतं तर मी गप्प बसले असते. सुनेने त्याच रात्री फोनवर अमेरिकेच्या कृषी खात्याचा पोषणाचा तक्ता काढला, तिला आकड्यांची आवड आहे. १०० ग्रॅम ताज्या पिवळ्या पीचमध्ये कॅलरी चाळीसच्या आसपास, जवळजवळ ८९ टक्के पाणी, साखर साडेआठ ग्रॅमच्या आत, फायबर दीड ग्रॅम, पोटॅशियम १९० मिलीग्रॅमच्या जवळपास. इथपर्यंत छानच आहे, उन्हाळ्यात पोटात जायला हलकं फळ. पण लेखात 'क जीवनसत्त्वाचा खजिना' असं ठळक अक्षरात लिहिलंय आणि तक्त्यात व्हिटॅमिन सी किती, तर साडेसहा मिलीग्रॅम. आपल्या आयसीएमआरने (वैद्यकीय संशोधनाची सरकारी परिषद) बाईमाणसाला दिवसाला ६५ मिलीग्रॅम आणि पुरुषाला ८० सांगितलंय, म्हणजे नुसत्या पीचवर ते भागवायचं म्हटलं तर मला रोज जवळपास किलोभर पीच खावे लागतील आणि मिस्टरांना त्याहून जास्त, आणि आमच्या इथल्या दराने मग एफडी मोडावी लागेल. त्याउलट आपला साधा पेरू, १०० ग्रॅमला दोनशे मिलीग्रॅमच्या वर सी. खजिनाच म्हणायचा तर त्याला म्हणा, तो बिचारा गाडीवर मीठ-तिखट लावून उभा असतो आणि त्याला कोणी सुपरफूड म्हणत नाही.

डोळ्यांसाठी म्हणून जे बीटा कॅरोटिन सांगितलंय ते पिवळ्या गराच्या पीचमध्ये असतं हे खरं, पण आंब्याच्या साधारण पावपट, आणि पांढऱ्या गराच्या पीचमध्ये त्याहूनही कमी, गराचा पिवळेपणाच मुळी त्यातून येतो. मग पीचमध्ये काहीच नाही का? तसंही नाही. सालीत आणि सालीलगतच्या गरात पॉलिफेनॉल म्हणतात तसले पदार्थ बरे असतात, क्लोरोजेनिक अ‍ॅसिड वगैरे, फायबरही सालीकडे जास्त. साखर आंब्यापेक्षा बरीच कमी, त्यामुळे ज्यांना डायबेटिस आहे त्यांना डॉक्टरला विचारून एखादा खायला हरकत नसते. आमच्या मिस्टरांना आहे, त्यांना डॉक्टरांनी एक पीच चालेल म्हटलंय, एक म्हणजे एक. हे सांगायचं कारण असं की 'चालेल' ऐकल्यावर त्यांनी मागे एकदा एका बैठकीत पाच खाल्ले होते आणि रात्रभर पोट फुगून फेऱ्या मारत होते. पीचमध्ये सॉर्बिटॉल नावाचा साखरेच्या जवळचा एक पदार्थ असतो, तो काही जणांच्या पोटात नीट शोषला जात नाही, मग आतडी आपलं संगीत सुरू करतात. तुमच्या लेखात लिहिलंय 'पचनास उत्तम, कितीही खा'. कितीही नका हो लिहू.

सरकारी आहार मार्गदर्शनात दिवसाला साधारण १०० ग्रॅम फळ सांगितलेलं असतं, म्हणजे एक लहानसा पीच झाला की तुमचं फळाचं खातं त्या दिवसापुरतं भरलं, एवढं साधं गणित आहे. बाकी जे काही आहे ते पोषणाच्या खात्यात नाही, जिभेच्या खात्यात आहे, आणि तिथेच खरी गंमत आहे पण त्यावर कोणी लिहितच नाही.

अजून एक बारीकशी गोष्ट. लेखात 'मूळ इराणचे फळ' असं लिहिलंय. शास्त्रीय नावात पर्सिका (म्हणजे पर्शियाचा, इराणचा) आहे म्हणून तसं वाटत असणार, पण मूळ चीनचं. युरोपात ते इराणवरून पोचलं म्हणून त्यांनी नाव तसं ठेवलं, म्हणजे आपल्याकडे कसं मुंबईहून आलेल्या प्रत्येकाला मुंबईचा पाहुणा म्हणतात तसं. आणि भारतात कसं आलं याची तर एक गोष्ट आहे, सातव्या शतकात युआन श्वांग (आपण शाळेत ह्युएनत्संग शिकलो तोच) इथे हिंडत होता, त्याने लिहून ठेवलंय की कनिष्काच्या काळी चिनी ओलीस पंजाबात एका ठिकाणी राहायचे, त्या जागेला चीनभुक्तीच नाव पडलं होतं, आणि पीच आणि नासपती ही दोन फळं त्यांनी तिथे लावली, त्याआधी इथे नव्हती. म्हणून लोक पीचला 'चीनानी' म्हणायचे आणि नासपतीला 'चीनराजपुत्र'. राजपुत्र! नासपतीला! मला पीचचा थोडा अपमान झाल्यासारखा वाटला वाचून.

आणि फारसीचा संबंध आपल्या जिभेवर आहेच की. फारसीत आलू म्हणजे आलुबुखारासारखं फळ. बुखाऱ्याचं ते आलुबुखारा, पिवळं ते जर्द आलू म्हणजे आपला जर्दाळू, आणि जाडजूड ते शफ्तालू म्हणजे पीच, त्यावरूनच हिंदीतला जुना शब्द सतालू. आता हिंदीत सगळे आडूच म्हणतात. तिकडे दिल्लीकडची पोरं मठ्ठ माणसालाही आडू म्हणतात, का ते देव जाणे, फळात तसं काही नाही.

मला हे सगळं माहीत असण्याचं कारण म्हणजे मिस्टरांची बदली तीन वर्षं हल्द्वानीला होती. हल्द्वानी म्हणजे उत्तराखंडात कुमाऊंच्या पायथ्याशी, गरम, धुळीचं, पुण्याहून गेलेल्या माणसाला रडू येईल असं गाव, पण तासा-दोन तासात वर डोंगरात जाता येतं, काठगोदाम, भीमताल, भवाली करत. भवालीला मे-जूनमध्ये रस्त्याच्या कडेला फळवाले टोपल्या घेऊन बसलेले असतात, खुमानी म्हणजे जर्दाळू, पुलम म्हणजे प्लम (पहिल्यांदा मला ऐकायला 'पूल' आलं आणि मी विचारलं कुठला पूल), काफल म्हणजे तिकडचं एक रानफळ, आणि आडू. आणि भवालीवरून गागरची खिंड ओलांडली की रामगढ. हिंदी कवयित्री महादेवी वर्मांचं घर आहे तिथे, टागोरही राहून गेलेत, पण मी खरं सांगते आम्ही जायचो ते फळांसाठी.

तिथल्या एका बागेच्या मालकिणीशी माझी ओळख झाली होती, सत्तरीच्या पुढच्या, सगळे त्यांना आमा म्हणायचे म्हणून मीही आमा म्हणायचे, कुमाऊंनीत आमा म्हणजे आजी. फेब्रुवारी-मार्चला गेलं तर आडूची झाडं नुसती गुलाबी, पान एक नाही, आणि मागे बर्फाचे डोंगर, फोटोवाले तेव्हाच येतात. पण आमांना त्या फुलांचं कौतुक फारसं नसायचं. त्या आभाळाकडे बघत बसायच्या. फळ बोराएवढं झालं की एप्रिलमध्ये गारा पडतात, आणि पंधरा मिनिटांच्या गारांत वर्षाचं उत्पन्न मातीत जातं. त्यातनं जी वाचतात त्यांच्या सालीवर खरखरीत चट्टे उठतात आणि मग मंडीत त्यांना भाव येत नाही. चव तीच असते! आमा त्या डागाळलेल्या आडूंची टोपली मला बाजूला काढून ठेवायच्या, म्हणायच्या, "बेटी, देखने वाले दिल्ली जाते हैं, खाने वाले घर में रहते हैं." हे आडूंबद्दल होतं का मुलांबद्दल ते मला कधी कळलं नाही, त्यांचे दोन मुलगे दिल्लीत होते.

तिथे मी पहिला खरा पीच खाल्ला. जून संपत आला होता, झाडावरून काढलेला, दुपारच्या उन्हाने कोमट झालेला. आमांनी लुगड्याच्या, म्हणजे साडीच्या पदराने त्याची लव पुसली आणि माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या पुढे वाक. मी म्हटलं का? म्हणाल्या वाक तर. चावा घेतला आणि रस कोपरापर्यंत. कोपरापर्यंत म्हणजे लेखकी भाषेत नाही, खरोखर, बांगड्या चिकट झाल्या. साल पातळ, नखाने सुटेल अशी, गर पिवळा आणि कोयीपाशी लालसर, आणि वास असा की त्याला आधी गुलाब म्हणावं, मग जर्दाळू, मग कुठेतरी ओल्या नारळासारखं काहीतरी. गोड तर होताच पण नुसता गोड नाही, मागून एक आंबटपणा येतो आणि म्हणून दुसरा चावा घ्यावासा वाटतो. दोन्ही हातांनी पिळला तर शिवणीवरून दोन भाग झाले आणि कोय अलगद हातात आली. नंतर कळलं की पीचमध्ये दोन जाती असतात, सुट्या कोयीचे आणि चिकट कोयीचे, हंगामाच्या सुरुवातीला येणारे बरेचसे चिकट असतात आणि उशिराचे सुटे. तिथे जुलै एल्बर्टा नावाची जात लावतात ती सुट्या कोयीची. मूळची एल्बर्टा अमेरिकेतल्या जॉर्जियातली, तिथल्या एका बागवाल्याने दीडशे वर्षांपूर्वी काढली आणि बायकोचं नाव दिलं. आमच्याकडे बायकोच्या नावाने फार तर स्कूटर घेतात.

जरा कडकसर आडू असले की आमा ते चिरून त्यावर पिसलेलं मीठ लावायच्या, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर पाट्यावर मिठाबरोबर वाटलेलं, हिरवंगार मीठ. मी ते आजही करते, कैरीला लावा, पेरूला लावा, कशालाही लावा.

तर आता पुण्यातल्या त्या काकडीकडे येते. ती काकडी का झाली? कारण लांबच्या बाजाराला जाणारा पीच कडक असतानाच तोडावा लागतो. पिकलेला पीच इतका नाजूक की बोटाने दाबला तरी दुसऱ्या दिवशी तिथे तपकिरी डाग, तो ट्रकमध्ये दीड हजाराहून जास्त किलोमीटर कसा येणार? त्यात बागवाल्याची चूक नाही. पण गंमत अशी आहे की आपण आंबा खाणारी माणसं, आपल्याला वाटतं कच्चा आणला तर काय झालं, अढी लावू, पिकेल, गोड होईल. आंब्यात ते होतं कारण आंब्याच्या गरात स्टार्च भरपूर असतं, अढीत ते साखरेत बदलतं. केळ्यातही तेच. पीचमध्ये तोडणीच्या वेळी स्टार्च जवळपास नसतंच, त्याला साखर येते ती झाडाच्या पानांकडून, आणि शेवटच्या काही दिवसांत जास्त येते, तेव्हाच फळही फुगतं. झाडापासून तोडला की तो नळ बंद. घरी ठेवला तर मऊ होईल, रसाळ होईल, वास सुटेल, आंबटपणा उतरेल म्हणून थोडा गोड लागेलही, पण नवीन साखर कुठून आणणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार म्हणतात ना, ते या आडूला अगदी फिट बसतं.

म्हणून दुकानात निवडतानाच बघायचं. लाल रंगाला फसू नका, लाली ऊन आणि जातीवर असते, कच्च्यालाही असते, फळवाले लाल बाजू वर करून ठेवतात ते उगीच नाही. लालीच्या मधला जो मूळ रंग दिसतो तो बघा, देठाच्या खड्ड्याजवळ चांगला दिसतो. तिथे हिरवट असेल तर तो लवकर तोडलेला, कितीही ठेवा, काकडीच. तिथे पिवळा किंवा पांढऱ्या जातीत सायीसारखा रंग असेल तर तो घ्या, भले अजून कडक असेना. मग देठाकडे नाक लावून वास घ्या, फळवाला बघेल तुमच्याकडे, बघू दे. आणि अंगठ्याने दाबून बघू नका कृपा करून, तुमच्यानंतरच्या गिऱ्हाइकाला तो डाग मिळतो. हातात तळव्यावर घेऊन सगळ्या बोटांनी हलकेच धरलं तरी कळतं.

आणि घरी आणल्यावर सगळ्यात मोठी चूक, जी आमची सूनही करणार होती, ती म्हणजे तसाच फ्रीजमध्ये. कच्चा पीच आणि फ्रीज यांचं वैर आहे. साधारण २ ते ८ डिग्री हे तापमान पीचला सगळ्यात वाईट, आणि आपला घरचा फ्रीज नेमका ४-५ वर असतो. न पिकलेला पीच त्या थंडीत आठवडाभर-दोन आठवडे राहिला की त्याचं आतलं पेक्टिन, म्हणजे गराला बांधून ठेवणारा पदार्थ, बिघडतं, मग तो बाहेर काढून मऊ झाला तरी गर पिठूळ लागतो, रस नाही, ओल्या कापसासारखा. कोल्ड स्टोरेजमधून आलेल्या पीचचं बऱ्याचदा हेच झालेलं असतं, बाहेरून देखणा आणि आत कापूस, विदेशी स्टिकरवाल्यांचंही. असा लागला तर दोष तुमचा नाही, तो वाटेतच गेला. म्हणून आधी बाहेर ठेवायचा, कागदी पिशवीत, एकावर एक न रचता, देठाची बाजू खाली, सोबत एक पिकलेलं केळं टाकलं तर त्यातून सुटणाऱ्या इथिलीन वायूने लवकर पिकतो. दोन ते चार दिवस लागतात. रोज एकदा उघडून बघा. वास आला, खांद्यापाशी, म्हणजे देठाच्या बाजूला, जरा नरम झाला की तयार, मग त्याच दिवशी नाही खायचा तर फ्रीजमध्ये ठेवा, पिकल्यावर दोन-तीन दिवस काही होत नाही त्याला. पण खायच्या आधी अर्धा-पाऊण तास बाहेर काढा, थंडगार फळाला वास लागत नाही आणि पीचची निम्मी चव वासातच आहे.

सालीबद्दल आमच्या घरात दोन पक्ष आहेत. मी सालीसकट खाणारी. लव टोचते म्हणून पुष्कळ जण सोलतात, पण वाहत्या पाण्याखाली ओल्या फडक्याने नीट चोळलं की बरीचशी लव निघून जाते. सोलायचाच असेल तर सुरीने गर वाया घालवू नका, उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट सोडा आणि लगेच थंड पाण्यात, पिकलेला असेल तर टोमॅटोसारखी साल निघते. काहींना मात्र पीच खाऊन ओठ-घसा खाजतो, ती अ‍ॅलर्जी असते आणि ती आणणारं प्रोटीन सालीत जास्त असतं, पण ओठ सुजले, अंगावर पित्त उठलं तर सोलून खाण्याचे प्रयोग करत बसू नका, डॉक्टरकडे जा. ज्यांना ती लवच नको त्यांनी नेक्टरिन घ्यावं, तो काही पीच आणि प्लमचा संकर नाहीये (असं मला एका फळवाल्याने छातीठोक सांगितलं होतं), तो पीचच आहे, एका जनुकाच्या फरकाने बिनलवेचा झालेला.

कोयीचं एक मात्र आवर्जून छापा. कोय फोडली की आत बदामासारखं बी निघतं, दिसतं अगदी बदाम, कारण बदाम आणि पीच एकाच घराण्यातले. आमच्या नातवाने मागे बत्त्याने कोय फोडून ते तोंडात टाकलं होतं, कडू लागलं म्हणून थुंकलं, मी तिथेच होते म्हणून बरं. त्यात अमिग्डालिन असतं, चावल्यावर त्यातनं सायनाइड सुटतं. कोय चुकून अख्खी पोटात गेली तर त्या विषाची भीती नसते (घशात अडकण्याची असते, ते वेगळं), पण फोडून खायचं बी नाही ते. इंटरनेटवर ते बी कॅन्सरवर औषध म्हणून सांगणारे लोक आहेत, तुमच्या लेखात ते नव्हतं याबद्दल आभार.

डबाबंद पीचबद्दल दोन शब्द, कारण लेखात 'ताजे न मिळाल्यास डब्यातलेही तितकेच गुणकारी' असं होतं. घट्ट पाकातल्या पीचमध्ये साखर ताज्याच्या दुपटीवर जाते, व्हिटॅमिन सी आणखी घटतं. केकवर लावायला मला पण आवडतात ते, वाढदिवसाला आणतो आम्ही, पण त्याला मिठाई म्हणा आणि खा.

आणि जर हिरवट कडक पीच घरात येऊन पडलेच असतील तर फेकू नका, मेथांबा करा. कैरीचा करतो तसाच, तेलात मोहरी, मेथ्या, हळद, हिंग, फोडी परतायच्या, तिखट-मीठ आणि गूळ. पीचला कैरीएवढा आंबटपणा नसतो म्हणून गूळ निम्मा आणि शेवटी जरा लिंबू. पिकलेल्याचं दुधातलं शिकरण मी एकदा केलं आणि दूध फाटलं, दह्यात करा, साखर कमी, वेलची अजिबात नको, ती पीचचा वास मारते.

आता ते उरलेले दोन पीच. देठापाशी बघितलं तर एक हिरवट होता आणि एक पिवळसर, दोघांना वर्तमानपत्रात गुंडाळून (तुमच्याच, त्याच पुरवणीत, फोटोवाला भाग आतल्या बाजूला आला) केळ्याबरोबर टोपलीत ठेवले. गुरुवारी सकाळी स्वयंपाकघरात शिरले तर वास. हिरवट होता तो मऊ झाला पण सुरकुतला, चव पाण्यासारखी, त्याचा मेथांबाही झाला नसता. दुसरा बरा निघाला. रामगढचा नाही, त्याच्या जवळपासही नाही, गोड म्हणाल तर बेताचाच, पण रस होता आणि तो मागून येणारा आंबटपणाही होता. नातवाला बेसिनपाशी उभा केला, पुढे वाक म्हटलं, त्याने का विचारलं. शर्ट बदलावा लागला.

पुढच्या आठवड्यात डोंगराकडचा माल जास्त यायला लागेल, जुलैभर असतो. त्याआधी पुरवणीत एवढं छापलंत तर बरं, की व्हिटॅमिन सी चा आकडा दुरुस्त, मूळ देश चीन, कोयीचं बी खाऊ नये, आणि कच्चा पीच फ्रीजमध्ये ठेवू नये. जागा कमी असेल तर शेवटचं एकच छापा.

आपली,
पहिल्या पानाच्या आधी पुरवणी उघडणारी एक वाचक,
कोथरूड, पुणे